पांढरा कागद

३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा पुन्हा सिगरेट ओढायला लागलेत. वाचून तू चिडशील.

बाबा आणि मी काम करतो त्या प्रयोगशाळेत डिझेल इंजिनाच्या धुरातले बारीक कण मोजायचं नवं यंत्र आलंय. ते आणि बाबांची जुनी पद्धत यांची तुलना करायचं काम माझ्याकडे आहे. बाबा धूर गोल कागदातून गाळतात नि कागदावरची काजळी तोलतात. हल्लीच्या इंजिनांचा कागद पांढराच्या पांढरा राहतो. नवं यंत्र मात्र एकेक कण मोजतं. म्हणून बाबा त्याला चोंबडं म्हणतात.

रोज काम सुरू करण्याआधी, इंजिन बंद असताना, यंत्राला खोलीतली हवा देतो; या खोलीत हवा गाळूनच सोडतात. आकडा शून्य यायला हवा. पण बाबा कपाटामागे गेले की तो एकदम हजारांत उडी मारतो. यंत्राची नळी तिथेच आहे. साहेब म्हणतात, यंत्रच बिघडलंय, परत पाठवा. मला मात्र वाटतं, तो सिगरेटचा धूर आहे. बाबांना विचारायची हिंमत नाही. तू त्यांची धाकटी बहीण, तुझं ऐकतील.

तुझ्या रागासकट तुझीच,
खारू

९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. अगं, तू जन्मलीस त्या दिवशी दादाने दवाखान्याच्या दारात अख्खं पाकीट चुरगाळलं होतं! त्यानंतर त्याने सिगरेटला हात लावला नाही.

तुला वास आला का? इतक्या जवळ बसतेस, नाक काय शोभेला आहे? वास नसेल तर सिगरेट नाही.

पण एक सांगते. मागच्या खेपेला आला तेव्हा जिन्यात मधेच थांबून माझ्या कुंड्यांचं कौतुक करत होता. जन्मात कधी झाडाकडे न बघणारा माणूस! मी खुळी, खूश झाले. आता मला भलतीच धास्ती वाटते आहे. त्या यंत्राकडे नको, बापाकडे बघ. कपाटामागे जा.

तुझ्या बाबाने आणलेल्या गोल कागदावर तू लहानपणी काढलेला सूर्य अजून माझ्या कपाटावर आहे. आत्ता त्याच्याकडे बघतच लिहिते आहे.

उत्तराची वाट बघत, तुला जवळ घेऊन,
आत्या

१५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून कपाटामागे गेले. सिगरेट नव्हती. चष्म्याच्या डबीत दम्याचा पंप होता. यंत्र त्या फवाऱ्याचे थेंब मोजत होतं.

बाबा चोरी पकडल्यासारखे हसले. म्हणाले, बरं झालं, हे यंत्र तरी परत जाणार नाही. डॉक्टरांनी कधीचं सांगितलं होतं, की धुराचं काम सोडा. पण मी नोकरीला लागले होते. लेकीच्या शेजारच्या टेबलावर थोडे दिवस बसू दे, म्हणून ते गप्प राहिले.

खरा धक्का पुढेच आहे. कागद पांढरा आला की बाबा तोंडावरची पट्टी काढायचे. वर्षानुवर्षं! पांढरा कागद म्हणजे स्वच्छ हवा, हा त्यांचा हिशेब. काल मी त्याच धुराची नळी यंत्राला लावली. आकडा लाखांत गेला. बाबांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आकड्याकडे. मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, एवढं सगळं माझ्यासमोर होतं, आणि मी तुला असल्याच कागदांवर चित्रं काढायला देत होतो.

मी सांगितलं, कोरे कागद होते ते, बाबा. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

आजपासून ते पलीकडच्या इमारतीत, भांडारात बसतात. जाताना बजावून गेले, की आत्याला म्हणावं, ओरडायचं असेल तर हळू ओरड, मला दम लागतो.

सकाळी यंत्र लावलं. शून्य आलं. सरळ, न हलणारं शून्य. तेच यावं म्हणून आम्ही किती दिवस धडपडत होतो! साहेब खूश झाले. मी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसले.

सूर्य काढून टाकू नकोस. रविवारी बाबांना घेऊन येते. जिन्यात थांबलो तर कुंड्या बघतोय असंच समज.

तुझी,
खारू