सेट सीताराम ओव्हाळकडे राहील

मी, परशुराम धाकू नाखवा, वय वर्षे त्रेसष्ट, एस.टी.च्या खोपट आगारातून निवृत्त झालेला हेड मेकॅनिक, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, हे माझं शेवटचं इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे, कोणी मानेवर बसून लिहून घेत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला डोक्याचाच आहे. छातीबद्दल त्यांनी वेगळं सांगितलं, ते ऐकूनच हा कागद घेऊन बसलो. जिना चढलो की धाप लागते, बोललो की खोकला. लिहायचाही कंटाळा येतो, पण माझ्यामागे घरात भांडणं नकोत.

१. राहतं घर, वरचा माळा आणि गच्चीवरचा लोखंडी खांब धरून, माझी पत्नी लक्ष्मी हिचं. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी सरोज हिचं. धाकटा भाऊ गोमाजी याचा वाटा आई असतानाच वेगळा झाला, तो त्याला मान्य आहे. नसेल तर त्याने मी जिवंत असताना सांगावं. खांबावरचं एरियल लगेच उतरवू नये. लक्ष्मी शेजारी बसून सुका जवळा निवडते आहे. म्हणाली, “खांब मना कशाला? कपडे वाळत घालू?” घाल म्हटलं.

२. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते लक्ष्मीचं. आकडा लिहीत नाही, तिला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

३. पान्यांची पेटी, साखळी-कप्पी आणि जॅक गोमाजीला द्यावेत. होडीच्या इंजिनाला उपयोगी पडतील. खाडीत हल्ली जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं, तरी तो रोज जातो. मोठा पाईप पाना पेटीत सापडणार नाही. तो त्याने मागेच नेला आहे, आणि विचारलं की “कुठला पाना?” म्हणतो.

४. शेजारचे राघो मोरेकर. मी माईक हातात घेतला की यांच्या टीव्हीवर रेघा येतात, अशी यांची जुनी तक्रार. मी हौशी बिनतारीवाला, लोक ज्याला हॅम म्हणतात तो. सरकारी परवाना काढून घरच्या सेटवरून देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलतो. रेघांवर उपाय म्हणून मी स्वतः फिल्टर तयार करून त्यांच्याकडे घेऊन गेलो, तर “आमच्या टीव्हीला हात लावायचा नाही” असं दारातूनच ऐकवलं. तो फिल्टर खणात आहे, तो त्यांना द्यावा. मी गेल्यावरही रेघा दिसल्या तर त्यांनी आपली वायर तपासून घ्यावी.

५. दारातली जीप भंगारात द्यावी. आठवण म्हणून ठेवू नये. कोंबड्या आत अंडी घालतात आणि लक्ष्मीला वाकवत नाही. लष्कराच्या लिलावातून ही गाडी आणली आणि पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. आगारात सगळे हसले. पण पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, ती सेटमध्ये टरटर ऐकू येते. डिझेलला ठिणगीच नाही. मला चालत्या गाडीतून बोलायचं होतं, त्यांना हे कोण समजावणार?

१९८६ साली ही जीप मालवाहू बोटीने आफ्रिकेत, मोंबासाला गेली. मागून मी आणि लक्ष्मी गेलो. लक्ष्मीचा भाऊ आनंद तिथे गोदीत कामाला; बोलावणं त्याचं, खर्चही त्याचाच. कोळीवाड्यात म्हणायचे, नाखव्याचा मुलगा दर्या ओलांडतोय आणि सोबत होडी सोडून जीप नेतोय. केनिया सरकारने तिथून बोलायचा तात्पुरता परवाना दिला होता. मागच्या बंपरला उंच एरियल, पुढे लाल मातीचा रस्ता, चिखल आला की फोर-व्हील टाकायची, आणि संध्याकाळ झाली की गाडी बाजूला घेऊन इकडे हाक द्यायची. एवढं सुख मला आयुष्यात परत मिळालं नाही. ते आठवलं तरी आता दमायला होतं. म्हणून म्हणतो, जीप भंगारात द्या.

६. सेट. जपानी सेट, त्याचा पॉवर सप्लाय, माईक आणि कट्ट-कडकट्ट करायची मोर्सची चावी, हे सगळं सरोजचं. पण आज ते मी तिला देऊ शकत नाही. बिनतारी सेट परवाना असलेल्याच्याच ताब्यात राहू शकतो, आणि परवाना वारसाने मिळत नाही, ज्याचा त्याने परीक्षा देऊन मिळवायचा. सरोज पास झाली आहे. दिवा गावी तिच्या घरी परवान्यासाठी पोलीस चौकशीला येऊन गेले. हवालदाराने पाणी मागितलं, तर त्या दिवशी नळच आला नव्हता. शेजारून तांब्या आणून दिला. आता दिल्लीहून कागद येईल तेव्हा येईल. माझा श्वास तोवर पुरेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

मधल्या काळात सेट या घरात सापडला तर तो सरकारजमा होईल, आणि गोदामात गेलेली वस्तू परत आलेली मी तरी पाहिली नाही. मुलगी एवढं शिकली, आणि परवाना हातात आल्यावर सेटच नाही, असं व्हायला नको. खरं सांगायचं तर हा सगळा कागद मी या एका कलमासाठी लिहितो आहे.

तेव्हा तिचा परवाना येईपर्यंत सेट दुसऱ्या परवानेवाल्याकडे ठेवला पाहिजे. डोंबिवलीत दोघे आहेत. माणसं चांगली, पण सेट उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही. मग एकच उरतो. सीताराम देवराम ओव्हाळ, राहणार मोहने, कल्याण. ताबा त्याच्याकडे द्यावा. हे नाव मी खुशीने लिहिलेलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

७. सीतारामशी मी दहा वर्षं बोललेलो नाही. कारण मीच लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी भलतं सांगायला नको. आम्ही दोघांनी परीक्षा एकत्र दिली, परवानेही बरोबरच आले. केनियातून मी संध्याकाळी हाक द्यायचो ती ऐकायला मोहन्यात तोच बसलेला असायचा. इंजिनाच्या घरघरीवरून तो ओळखायचा की गाडी चढणीला आहे.

आम्ही तिकडे व्होई गावाच्या पुढे असताना इकडे आमची आई, आवडाबाई, वारली. गोमाजी धावत मोहन्याला गेला आणि सीतारामला म्हणाला, “दादाला कळव.” सीताराम त्याच्याबरोबरच ठाण्याला आला, आईला खांदा दिला. परत जाऊन अंघोळ केली, सेटवर बसला आणि मला म्हणाला, “सिग्नल पाच-नऊ.” म्हणजे आवाज खणखणीत. “इकडे ढग आहेत.” मी त्याला हत्ती सांगत होतो. मातीत लोळून लाल झालेले हत्ती, रस्ता अडवून उभे राहिलेले. पुढेही रोज बोललो. आईचं बारावं चाललेलं, आणि मी चाक कसं रुतलं त्याची गंमत सांगत होतो. मोंबासाला परत आलो तेव्हा आनंदच्या हातात तार होती. आम्ही रस्त्यावर, तो बिचारा आम्हाला शोधणार कुठे?

मी थोरला मुलगा. आईचं सुतक मी पाळलं नाही. माहीतच नाही तर पाळणार कसं? त्याच दिवसांत लक्ष्मीने स्टोव्हवर सुके बोंबील तळले आणि आम्ही हसत-खिदळत खाल्ले. ते बोंबील अजून माझ्या घशात आहेत.

परत आल्यावर मी तडक मोहन्याला गेलो. तो कामाला होता त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर त्याने मला एवढंच ऐकवलं, “परशा, दुसऱ्याचा निरोप हवेतून द्यायचा नाही, ही परवान्याची अट आहे. दोघांनी सही केलीय.” अट खरी आहे. हौशी माणसाने यंत्राबद्दल, हवामानाबद्दल, स्वतःबद्दल बोलावं. निरोप पोचवायला तारखातं आहे. पण खांदा दिलेला माणूस निरोप्या होत नाही. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते त्याचं स्वतःचं होतं, गोमाजीचा निरोप नव्हता. मी आजही हेच म्हणेन.

रोज सकाळी आम्ही हॅम मंडळी सेटवर जमून हजेरी देतो, त्याला नेट म्हणतात. तिथे दहा वर्षं मी त्याचा आवाज ऐकतो आणि तो माझा. आम्ही एकमेकांना उत्तर देत नाही. सरोजला मोर्स मात्र त्यानेच शिकवली. मी शिकवताना ओरडतो, म्हणून ती रविवारी मोहन्याला जायची. मला कळलं, तरी मी तिला अडवलं नाही.

८. मी गेल्याची बातमी नेटवर सीतारामनेच द्यावी. परवानेवाला वारल्याचं सांगायला अट आडवी येत नाही, मी नियम वाचून खात्री केली आहे. त्याने आधी सिग्नल सांगू नये, ढग सांगू नयेत. पहिलं वाक्य हेच म्हणावं : परशुराम नाखवा वारला. हे त्याने त्याच दिवशी केलं नाही, तर त्याचा ताबा रद्द, आणि सेट सरकारजमा झाला तरी चालेल.

हे लक्ष्मीला वाचून दाखवलं. जवळ्याची परात तिने बाजूला केली. “म्हंजे पोरीचा सेट गेला तरी चालंल तुमाला?” चालेल म्हणालो. ती उठून आत गेली.

९. वरचं लिहून झाल्यावर साक्षीदार हवे होते. एक वाड्यातल्या भीमाबाई, दुसरा शोधायचा होता. सरोज मला न विचारता सीतारामलाच घेऊन आली. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. चष्मा लावून त्याने सगळं वाचलं, आठवं कलम परत वाचलं.

“हे नाय जमणार रे,” म्हणाला.

“का? आता कुठली अट आहे?”

“अट तेव्हाही नव्हती. म्हणजे होती, पण मी अटीसाठी गप्प नव्हतो. आईंना पोचवून आलेलो, तुला सांगायचं म्हणूनच सेटवर बसलेलो. तू हत्ती सांगायला लागलास. मागे वहिनी हसत होत्या. बटण दाबलं आणि तोंडातून पाच-नऊ निघालं. म्हटलं, उद्या सांगू. उद्या सांगायला बसलो, तर काल का नाही सांगितलं हे कसं सांगणार?”

“मग फाटकाशी अट कशाला सांगितलीस?”

“ती सांगायला सोपी होती.” त्याने चष्मा काढला. “तुझ्या वेळीही माझं तसंच होईल, परशा. तोंडच उघडणार नाही. पोरीचा सेट जाईल. तेवढं कलम काढ.”

मला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. लक्ष्मीने पाणी आणून दिलं, मग त्यालाही दिलं. दहा वर्षं मी एका अटीशी भांडत बसलो होतो, आणि भांडायला समोर अट नव्हतीच. मला राग यायला हवा होता. पण रागालाही दम लागतो, तो आता माझ्यात नाही. खरं म्हणजे मला बरं वाटलं.

सबब कलम ८ मधली अट रद्द समजावी. सेट विनाशर्त सीतारामकडे राहील, आणि परवाना येताच त्याने तो सरोजच्या हाती द्यावा. बातमी मात्र त्यानेच द्यावी, दुसऱ्या कोणी घाई करू नये. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी द्यावी. तेव्हाही जमलं नाही तर आठवड्याने, महिन्याने द्यावी. तोवर नेटवर मी जिवंत राहीन, त्याला माझी हरकत नाही.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी वाचलं, लक्ष्मीला वाचून दाखवलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : चेंदणी कोळीवाडा, ठाणे
दिनांक : १७ नोव्हेंबर १९९६

सही : परशुराम धाकू नाखवा

साक्षीदार :
१. भीमाबाई ठाणेकर, चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२. सीताराम देवराम ओव्हाळ, मोहने, कल्याण