चौथं वाक्य

महादेवपुरा, बेंगळुरू
१२ ऑगस्ट २०२५

चि. स्मृतीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. आईच्या गुडघ्याचं तेल पाठवलंय, पोचलं की कळव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

गेल्या मंगळवारी ऑफिसात इंग्रजीच्या वर्गात क्षितिज सरांनी पडद्यावर एक व्हिडिओ लावला. बघते तर तू! ‘गिव्ह अप’चे अर्थ शिकवत होतीस. दोन मिनिटं मी अभिमानाने फुगले होते. मग तुझी उदाहरणं सुरू झाली. माझ्या बहिणीने कॉलेज सोडलं. बसमध्ये तिने आपली जागा दुसऱ्याला दिली. लग्नानंतर गाणं सोडलं. आणि चौथं, माझ्या बहिणीने शेवटी हार मानली. प्रत्येक वाक्याला खांदे पाडून अभिनय! वर्ग हसला. शेजारची अश्लेषा म्हणाली, “कोण गं ही बिचारी?” मी वहीत लिहीत राहिले.

तुला जगात दुसरी बाई सापडली नाही? माझ्या संसारावर आपली पोळी भाजून घेतलीस. कॉलेज का सोडलं, तेही सांगायचं होतंस. आईचं ऑपरेशन आणि तुझी बारावी एकाच महिन्यात आली. तुला अभ्यासातून उठावं लागू नये म्हणून मी घरी थांबले. याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही, आजही काढलं नसतं. गाण्याचं खरं आहे. संग्रामला ते खपत नव्हतं.

पण हार? त्याचं व्हाइटफील्डचं घर सोडलं तेव्हा तू कारण विचारलंस. मी ‘पटलं नाही’ एवढंच म्हणाले. त्याने माझा हात मोडला होता, स्मृती. बाथरूममध्ये पडले, असं मी तुम्हा दोघींना खोटं सांगितलं. प्लास्टरच्या हाताने बॅग भरली आणि तशीच कामावर गेले. याला तू हार म्हणतेस?

सरांनी मग प्रत्येकाला स्वतःचं वाक्य करायला लावलं. मी उभी राहून म्हणाले, “आय हॅव नॉट गिव्हन अप.” सर म्हणाले, व्याकरण अगदी अचूक आहे.

व्हिडिओ राहू दे, पोरांना उपयोगी पडतो. चौथं वाक्य तेवढं काढ. तिथे माझं घाल आणि खाली माझं नाव लिही, बाबांचं लावून. हाताचं आईला मीच सांगेन, दसऱ्याला येईन तेव्हा. तोवर फोन करू नकोस.

तुझी अक्का,
शिवलीला दयानंद चौगुले