निबंधाच्या पेपरात मावशी

तीर्थरूप मावशीस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात.) तुझा गुडघा कसा आहे? डावा दुखतो की उजवा हे मी विसरले, म्हणून दोन्हींची चौकशी केली असं समज. इकडे सगळे खुशाल. आई म्हणाली, फोन कर. पण तू फोन पिठाच्या डब्यात ठेवतेस आणि पीठ काढायची वेळ आली तरच तो तुझ्या हाती लागतो, म्हणून पत्र लिहिते. ‘पेपर कसा गेला?’ असं तू मागे विचारलं होतंस. कसा गेला ते एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी आज अधिकारी झाले असते.

तुला माहीतच आहे, वयाच्या अटीत बसणारी माझी ही शेवटची खेप होती. बाकीच्या पेपरांची मला कधीच धास्ती वाटली नाही. दरवेळी नाव बुडवलं ते निबंधाने. तीन तासांत दोन निबंध, एवढंच तर मागतात बिचारे. आमच्या क्लासचे निबंधाचे सर (आम्ही त्यांच्या माघारी त्यांना घड्याळसर म्हणतो, ते वर्गात येतात तेव्हा आधी मनगट येतं आणि मागून सर) फळ्यावर मोठा गोल काढून त्याचे दोन सारखे भाग करतात. अर्धा वेळ या निबंधाला, अर्धा त्याला. त्यातही आधी थोडा विचार, मग आराखडा, मग लेखन, शेवटी वाचून बघणं. सगळ्यांना हे जमतं. माझी अडचण होते ती ‘थोडा विचार’ या पहिल्याच खोलीत. मी आत जाते आणि मग बाहेरचं दार कुठे होतं तेच आठवत नाही. सरावासाठी गजर लावून बसले, तेव्हा विषय सागरी व्यापाराचा होता. माझं एक जहाज धुक्यातून हळूहळू बंदराला लागत होतं, तेवढ्यात गजर झाला, आणि तो मला जहाजावरचाच वाटला. मी तो निबंधात घालून पुढे गेले. सरांनी कडेला लाल शाईत लिहिलं, ‘जहाज उत्तम. दुसरा निबंध कुठे आहे?’

तर परीक्षेच्या दिवशी मला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि तिथेच माझं घोडं अडलं. समोरच्या इमारतीला रंग चालला होता. दोराला टांगलेल्या फळीवर एक रंगारी बसलेला. हात पोचेल तेवढी भिंत रंगवून झाली की तो ब्रश डब्यावर आडवा ठेवायचा आणि ओल्या रंगाकडे बघत नुसता बसून राहायचा. खाली त्याचे पाय हलत असायचे, जणू पाण्यात सोडलेत. पहिल्या निबंधाचा विषय होता, ‘रिकामा वेळ ही माणसाची खरी मिळकत’. मावशी, तूच सांग, यात माझा काय दोष? आराखड्यात मी ‘प्रस्तावना’ एवढाच शब्द लिहिला, त्या पायांकडे पाहिलं, आणि मला तुझे पाय दिसले.

तू इस्पितळातली रात्रपाळी करून सकाळी यायचीस, अंगणातल्या पायरीवर बसायचीस, कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडायचीस आणि घरात सगळ्यांना बजावायचीस, ‘मी अजून आलेली नाही.’ आम्हीही दारात आलेल्या माणसाला गंभीर चेहऱ्याने सांगायचो की सिस्टर अजून आल्या नाहीत, आणि तू त्याच्यासमोर बसलेली असायचीस. हे सगळं मी लिहून काढलं. मग बड्या पाहुण्यांपुढे रांगेत उभं राहायला माणसं कमी पडली म्हणून इस्पितळाने तुला परत न्यायला गाडी पाठवली होती, तो दिवस लिहिला. तू ड्रायव्हरला म्हणालीस, ‘सिस्टर आल्या की सांगते हो, बसा तोवर.’ आणि त्यालाही एक बादली दिलीस. थोड्या वेळाने ड्रायव्हर का परतला नाही ते बघायला मुकादम आला, त्याला तिसरी. (ही बादली माझ्या पदरची. आपल्या घरात तेव्हा दोनच होत्या, माफ कर.) तुम्ही तिघं पाय सोडून बसला होतात. अंगणात ऊन सरकत होतं, आणि पाणी निवत होतं. शेवटी मोठे डॉक्टर स्वतः लालबुंद होऊन फाटकाशी आले. इथवर लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या खांद्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे.

आमच्या खोलीवर देखरेखीला होते ते भूगोलाचे एक प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, उंच, जरा वाकलेले. शेवटचा अर्धा तास उरला की मोठ्याने सांगायचं, एवढं एकच काम त्यांच्याकडे होतं. ते केव्हापासून माझ्यामागे उभं राहून वाचत होते कोण जाणे. पान उलटायला मला उशीर झाला तर घसा खाकरायचे, आणि मला वाटायचं त्यांना खोकला झालाय. मी थांबले तेव्हा ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मग? डॉक्टर बसले का?”

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने घड्याळ पाहिलं आणि ती किंचाळली. अर्धा तास उरल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आता तर त्या अर्ध्या तासातलंही थोडंच शिल्लक होतं. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नकोस. केंद्रप्रमुख धावत आले, सगळ्या खोलीला वाया गेलेली मिनिटं भरून द्यायचं ठरलं, आणि आमच्या प्राध्यापकांना साऱ्यांदेखत बोलणी बसली. ते बिचारे खाली मान घालून उभे. माझी अडचण मात्र वेगळीच होती. दुसऱ्या निबंधाला मी अजून हातही लावला नव्हता. विषय होता, ‘नियोजन हाच प्रगतीचा पाया’. मी ना आराखडा केला ना विचार. आयुष्यात पहिल्यांदाच सरळ लिहीत सुटले, आणि खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं. ‘म्हणून प्रत्येक नागरिकाने आपल्या वेळेचं’ इथपर्यंत आले आणि प्राध्यापकांनीच माझी उत्तरपत्रिका ओढली. त्या नागरिकाने आपल्या वेळेचं काय करावं ते सरकारला अजून कळलेलं नाही.

फाटकाबाहेर ते माझी वाट बघत उभे होते. म्हणाले, “माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं.” मी म्हटलं, “सर, तुम्ही वेळेवर ओरडला असतात तरी मी तो आवाज निबंधातच घातला असता.” मग आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्यांनी डॉक्टरांचं पुन्हा विचारलं. मी सांगितलं की डॉक्टरांनी आधी तुला चार शब्द सुनावले, मग तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कठड्यावर बसून बूट काढले. प्राध्यापकांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, “बायको गेल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. पण त्यात बसायचं कसं, ते मला कुणी सांगितलंच नाही.” रंगारी फळी खाली घेत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, आणि चहा गार झाला.

निकाल लागला. यादीत माझं नाव नाही. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर, आणि घरी येऊन आडवी झाले. रडू येईल असं वाटलं होतं, पण झोप आली. इतकी वर्षं मी दुपारी झोपले की कुणीतरी माझं राज्य लुटून नेतंय असं वाटायचं. त्या दुपारी कुणी काही नेलं नाही. संध्याकाळी जाग आली तेव्हा आई उशाशी बसून होती. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मग आम्ही दोघी भाजी आणायला गेलो.

तेव्हा काळजी करू नकोस. गुडघ्याला जप.

तुझी,
तंद्री

ता. क. सांगायचं राहिलं. घड्याळसरांनी मला क्लासमध्ये शिकवायला घेतलंय. विषय आहे, निबंधाच्या पेपरातील वेळेचं नियोजन. हसू नकोस. मुलं मन लावून ऐकतात. सर म्हणतात, दरीत पडून आलेल्या माणसाला वाट विचारलेली बरी. माझा पहिला तास जरा लांबला, एवढंच.

ता. क. दुसरा. हे पत्र खरं म्हणजे एका विनंतीसाठी लिहायला घेतलं होतं. प्राध्यापक हल्ली अधूनमधून आमच्याकडे येतात आणि दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या की तुझ्यावर येतात. परवा कान लाल होईपर्यंत अडखळून त्यांनी विचारलं की रविवारी तुला भेटायला आले तर चालेल का. मी पत्ता दिला, आणि म्हटलं, मावशीला आधी पत्राने कळवते, म्हणजे ती तयारीत राहील. माणूस फार चांगला आहे. वाढदिवसाला ठेवणीतला काढतेस तो निळा पोशाख घाल, आणि कृपा करून दारातच त्यांच्या रक्तदाबाची चौकशी करू नकोस.

ता. क. तिसरा. पत्र टाकायला गेले तर पोस्टाला कुलूप. पलीकडच्या न्हाव्याला विचारलं तर त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं आणि सांगितलं की आज रविवार आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समज, आणि ते कसे वाटले ते आता तूच मला कळव.