टिपचा डबा

सोमवार, १२ फेब्रुवारी

जावई म्हणजे अजब प्राणी आहे! विमानातून उतरल्यापासून फोनवर एकच वाचतोय — समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या बोटीवरच्या लोकांना टिप किती द्यायची, रोज द्यायची की शेवटच्या दिवशी, हातात की पाकिटात. "बाबा, दहा टक्के की वीस?" मी म्हटलं, आधी बुडून तर बघू. वर आलो तर देऊ. लेक केवढ्यांदा ओरडली माझ्यावर.

खरं तर त्याने मलाच विचारायचं. पंचवीस वर्षं वेटर होतो. टिप घेण्यात माझा हात कोण धरणार? द्यायची मात्र सवय नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीवर आणि दुसरं कोणीतरी उभं.

त्रेसष्टाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी निघालोय, तेही लेकीच्या पैशाने. पोरीने पांग फेडले माझे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज नुसते धडे, पोहण्याच्या तलावात. शिकवणारी बाई लेकीपेक्षाही लहान, पण आवाज हेडमास्तरचा. "काका, श्वास धरून ठेवायचा नाही. कधीच नाही. घेत राहा, सोडत राहा." हे एवढंच डोक्यात पक्कं बसलं.

मास्कमध्ये सारखं पाणी. कारण काय, तर माझी मिशी! केसांतून पाणी आत शिरतं म्हणे. व्हॅसलीन चोपडून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी खोलीवर येऊन सफाचट केली. चाळीस वर्षांची मिशी! लेक हसून हसून पलंगावर लोळली. जावई गंभीरपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही तरुण दिसता." लबाड.

बुधवार, १४ फेब्रुवारी

गेलो! खाली गेलो!

काय लिहू? सहा मीटर म्हणजे फार नाही म्हणतात, पण माझ्यासाठी ते दुसरं जगच. पिवळे मासे तोंडासमोरून असे चालले होते की जणू मीच त्यांच्या वाटेत आलोय. एक कासव तर माझ्याकडे ढुंकूनही न बघता गेलं. मी हसलो — आणि हसल्यावर मास्क सैल झाला, नाकात पाणी! मग जी पाचावर धारण बसली! हातपाय झाडायला लागलो. बाईने दंड घट्ट धरला, डोळ्यांत डोळे घालून हाताने खूण केली — घ्या, सोडा. घ्या, सोडा. हळूहळू वर आणलं.

पण खरा कामाचा माणूस शिडीवर होता. पाण्यातून माणसं वर घेणं हेच त्याचं काम, म्हणून मी त्याला शिडीवाला म्हणतो. त्याने आधी कमरेला बांधलेलं शिशाचं वजन सोडवलं, मग पाठीवरचा सिलिंडर उतरवून घेतला, मग पायातले फिन्स, ते रबरी पंख, एकेक करून काढले. लहान मुलाचे बूट काढावेत तसे. "झालं काका, झालं. आता बसा निवांत." अंगावर टॉवेल टाकला, हातात चहा दिला. डोळे भरून आले. बरं झालं, तोंड आधीच ओलं होतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज घोळ घातला. लाज वाटते लिहायला.

बोटीवर पाऊल ठेवल्याठेवल्या शिडीवाल्याचे आभार मानायला गेलो. आमच्या हॉटेलातली पद्धत — नोटेची चार घडी तळहातात, हात मिळवायचा, नोट तिकडे. कोणाला पत्ता लागत नाही. तर या पठ्ठ्याने सगळ्यांसमोर मूठ उघडली! नोट बघितली, हसला आणि शिडीजवळ स्क्रूने बसवलेल्या डब्यात टाकली. "काका, आम्ही हातात घेत नाही. सगळ्यांचं यात." पाहुणे बघत होते. मी अगदी मेल्याहून मेल्यासारखा.

आणि मग राग आला. त्याचा नाही, डब्याचा.

हॉटेलात आमचाही डबा होता. किल्ली हेडवेटरकडे. आबा म्हणायचो त्याला सगळे. महिनाअखेरीस तो दार लावून एकटाच वाटे करायचा. आम्ही नऊ जण. एकदा मी दाराच्या फटीतून मोजले — वाटे दहा! दुसऱ्या महिन्यात पुन्हा दहा. मग माझं डोकं फिरलं. भर जेवणघरात सगळ्यांसमोर विचारलं, "दहावा वाटा कोणाच्या खिशात जातो, आबा?" चोर म्हणालो त्याला, तोंडावर. आबा नॅपकिनच्या घड्या घालत राहिला. एक अक्षर नाही. बाकीचेही गप्प. मी समजलो, सगळे त्याला टरकून आहेत. त्याच दिवशी नोकरी सोडली. बावीस वर्षं झाली, त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

या बोटीवरच्यांनाही सावध करावं म्हणतो. साधी माणसं आहेत, कोणीतरी खात असणार. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका." लेकही त्याच्याच बाजूने. बघतो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

वारा फार. बोट बंद. दिवसभर नुसता ओठावर हात फिरवतोय — मिशी नाही!

शनिवार, १७ फेब्रुवारी

शेवटची बुडी. आज अजिबात घाबरलो नाही. लेक एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. खाली लेकीने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसाच. मला वाटतं एवढं सुख आपल्याला झेपत नाही.

तिघांचं मिळून पाकीट केलं. वर 'सर्वांसाठी' असं लिहिलं आणि डब्यात टाकलं. मनात नव्हतं, पण टाकलं.

धक्क्यावर उतरल्यावर आठवलं, चष्मा बोटीवरच! परत गेलो तर डबा उघडलेला. इंजिनाच्या झाकणावर वाटे चालले होते. कप्तान, बाई, शिडीवाला, सिलिंडर भरणारा — चार माणसं. वाटे पाच.

माझी जीभ थांबेल तर ना! "चार जण आणि वाटे पाच? पाचवा कोणाचा?"

मला वाटलं, आता कप्तानाचं तोंड उतरेल. तो शांतपणे म्हणाला, "इंजिनवाला आहे ना आमचा. कानाचं ऑपरेशन झालंय. तीन महिने समुद्र बंद." मग आवाज खाली करून, "कुठे भेटला तर बोलू नका हं काका. ऑफिसने पाठवलेत म्हणून देतो आम्ही. आमचे म्हटलं तर घ्यायचा नाही तो. घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

शिडीवाल्याने चष्मा पुसून माझ्या हातात दिला. मी आभारही मानले नाहीत.

धक्क्याच्या पायरीवर बसलो. नऊ माणसं, दहा वाटे. आमच्यातही कोणीतरी सारखं आजारी असायचंच की! भांडी घासणाऱ्या मावशी तर त्या वर्षी क्षयाने सहा महिने घरी होत्या. आणि त्यांचा मुलगा आमच्यातलाच एक वेटर, त्या दिवशी समोरच उभा होता. त्याच्यादेखत आबा काय बोलणार?

देवा, काय करून बसलो मी.

रविवार, १८ फेब्रुवारी

घरी पोचलो. लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग लावा फोन." जुन्या एका वेटरकडून नंबर मिळाला. आबा आहेत. ऐंशी पार. आज धीर झाला नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

फोन लावला. नाव सांगितलं. मी म्हटलं, "आबा, तो दहावा वाटा—" त्यांनी मध्येच तोडलं. "ते सोड रे. पाय काय म्हणतोय तुझा?"

ठीक आहे म्हणालो. फोन ठेवला. आणि मग लख्ख आठवलं. भांडणाच्या तीन वर्षं आधी मला मोटारसायकलने उडवलं होतं, पाय मोडला होता. साडेचार महिने अंथरुणावर. दर एक तारखेला घरी पाकीट यायचं — "मालकाने पाठवलंय." आत पाचच्या, दहाच्या चुरगळलेल्या नोटा. मी, वेटर असून, त्या नोटा ओळखल्या नाहीत! बरा झाल्यावर मिठाईचा पुडा घेऊन मालकाचे पाय धरायला गेलो होतो. तो नुसता बघत राहिला होता माझ्याकडे.

पुन्हा फोन लावला. आबा म्हणत होते, "बोल रे, ऐकतोय मी."