रोडा मावशीचा ताबू तिच्या हयातीत कापला गेला, त्याची हकीकत

आदरणीय लेव्ही मामा यांस,

तुमचा भाचा एपेलिस याचा गुडघे जमिनीला आणि मान छातीला लावून नमस्कार. (प्रत्यक्षात मी नारळाच्या बुंध्याला टेकून बसलोय आणि पाय एका जागी ठरत नाहीत, पण भाव तोच समजावा.) इकडे आई बरी आहे. डोंगर आठवडाभर नुसताच धुमसतोय, त्यामुळे छपरावरची राख रोज मलाच झाडावी लागते. तिकडे किंबेला तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून बोटीवरच्या इंजिनवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. तुम्ही रागावला आहात की तुमच्याकडे रेंज नाही, हे कळायला मार्ग नाही. मी रेंज नाही असं धरून लिहितो.

तर मामा, रोडा मावशी सुखरूप आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण त्या रविवारपासून गावात तेवढं एकच वाक्य कुणी मान्य करायला तयार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मोर्सबीची बँकेतली नोकरी सोडून मी गावी आलो तो आपला ताबू, बापजाद्यांचा हा शंखांचा पैसा, फोनमध्ये घालायला. (आई सगळ्यांना सांगते की मला काढून टाकलं. ते खोटं आहे. त्यांनी फक्त माझी खुर्ची दुसऱ्याला दिली.) आपली माणसं कुणी ले शहरात, कुणी राजधानीत मोर्सबीला, कुणी तुमच्याकडे अशी पांगलेली. इथे मयतीला कापलेला ताबू त्यांच्या हाती पडेपर्यंत वर्ष उलटतं, आणि वेतावर ओवलेले शंख टपालाने पाठवावेत तर वाटेत निम्मे गळतात. म्हणून मी ठरवलं की ज्याचं त्याचं शंखांचं चाक घरात टांगलेलं राहू दे, त्याचं एक जुळं फोनमध्ये असू दे. मालक गेला की घरच्यांनी कळवायचं आणि प्रोग्रामने जुळं कापून सगळ्यांना वाटायचं. फोनमध्ये कापलं ते खरंच कापलं, असं म्हाताऱ्यांनी सुपारी-चुना चघळत, सगळ्यांदेखत कबूल केलं. मीही छाती काढून सांगितलं की एकदा दिलेलं कुणालाच, अगदी मला स्वतःलासुद्धा, परत घेता येणार नाही. या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मला हल्ली जेवताना ऐकू येतात.

आता हा प्रोग्राम आहे ओपन सोर्स, म्हणजे सगळ्या जगाला उघडा. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, फुकट वापरावा. आईने विचारलं, तेव्हा मी समजावलं की हे रस्त्यावर मांडलेल्या हंडीसारखं आहे, झाकण काढून ठेवलंय, येणारा-जाणारा आपापलं मीठ घालतो. आई म्हणाली, "मग खारटच होणार की!" (आईला संगणकातलं काही कळत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं फार अवघड जातं.) मी मात्र रोज उठून बघायचो की कुणी मीठ घातलंय का. चिमूटभरसुद्धा नाही. जगात एवढी माणसं, त्यातल्या एकाला माझी हंडी दिसू नये? मी नारळाखाली फेऱ्या मारायचो, टेकडीवर रेंज शोधत जायचो, परत यायचो, परत जायचो. लोक विचारायचे, एपीला जुलाब झालेत का?

आणि एके दिवशी वेइक्को आला. म्हणजे तो आला नाही, तो हेलसिंकीकडे असतो. त्याची दुरुस्ती आली. त्याने लिहिलं होतं की पर्यायी चलनांच्या मंडळांत त्याने हयात घालवली आहे आणि सगळीकडे रोग एकच: लोक पैसा दाबून बसतात, फिरवत नाहीत, आणि मंडळ मरतं. शिवाय किती जण परवलीचा शब्द विसरतात, सोडून जातात, मरतात. म्हणून त्याने एक नियम घातला होता. जो साठा वर्षभरात जराही हलला नाही, त्याचा मालक गेला असं समजावं आणि साठा सगळ्या सभासदांत सारखा वाटून टाकावा. खाली नम्रपणे विचारलं होतं, "आपली हरकत नसावी?" मामा, हरकत कसली! मला पहिला सोबती मिळाला होता. मी त्याचं पत्र तीनदा वाचलं, नियम एकदाही नाही, आणि दुरुस्ती स्वीकारली. त्या आनंदात मी एक कोंबडी कापली. (ती आईची होती. तो विषय वेगळा आहे आणि अजून चालू आहे.)

आता तुम्हीच सांगा, वेइक्कोला कोणी सांगायचं होतं की आपल्याकडे ज्याचं चाक हलत नाही तोच माणूस? बाजारहाट, सुपारी, शाळेची फी यासाठी सुटा ताबू मोडायचा. चाक मात्र पानांत गुंडाळून टांगायचं ते मरेपर्यंत सोडायचं नाही. मेल्यावर ते कापलं जातं, ज्याला त्याला मानाप्रमाणे वाटा मिळतो आणि मगच मेलेल्याला पलीकडे जागा मिळते. हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. म्हणूनच ते लिहून ठेवायचं मला सुचलं नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांनी सुटा मोजायच्या कंटाळ्याने फोनमधल्या चाकातूनच एखादा तुकडा सुपारीला दिला होता, तुम्ही मागे टायरसाठी दिला होतात, म्हणून तुम्ही सगळे वाचलात. रोडा मावशीने एक शंख हलवला नव्हता. अख्खं आयुष्य बाजारात तारोचे कंद आणि गालिपचे बदामासारखे दाणे विकून तिने ते चाक वाढवलं होतं.

प्रोग्रामला वर्ष झालं तो रविवार. पाळक शांततेवर बोलत होते आणि सगळ्या चर्चमधले फोन एकदम किणकिणले. "रोडा यांचा ताबू कापला आहे. आपला वाटा स्वीकारा." बायकांनी हंबरडा फोडला. मावशी गायकांच्या रांगेत उभी होती, तिने शेजारणीला विचारलं, कोण गेलं गं? मग तिचा स्वतःचा फोन वाजला, कारण तीही सभासद होती. मामा, आपल्या मयतीचा वाटा आपल्याच हाती पडलेली जगातली ती पहिली बाई असेल. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि पहिला शब्द उच्चारला तो असा: "त्या तोकिनकिनला माझ्याइतकाच?" (तोकिनकिन म्हणजे तोच, ज्याने तिचं फणसाचं झाड स्वतःच्या हद्दीत आहे म्हणून सांगितलं होतं.)

मला वाटलं, लोक हसतील आणि विसरतील. पण म्हाताऱ्यांचा शब्द म्हणजे शब्द. फोनमध्ये कापलं ते खरंच कापलं. दुपारी घरातलं चाक उतरवलं, पानं सोडली आणि कापलं. मावशीने स्वतः एक टोक धरलं होतं, कारण तिच्या मते बाकीच्यांना सरळ कापता येत नाही. तारो आणि केळी भाजली गेली, ती पोटभर जेवली. पहिले दोन-चार दिवस तर तिने मजा केली. चर्चच्या वर्गणीला माणूस आला, त्याला म्हणाली, "अरे बाबा, मी वारले." भांडी घासायचं तिने सोडलं. तोकिनकिनच्या घरासमोरून मुद्दाम हळूहळू चालत जायची, तो दार लावून घ्यायचा.

मग वरच्या वस्तीत खरंच एक जण वारला. सगळ्यांना ओळीने ताबूचे तुकडे दिले, मावशीपाशी आल्यावर वाटणारा थबकला आणि पुढच्या बाईकडे गेला. बिचाऱ्याचा दोष नाही, मेलेल्याच्या हातात वाटा कसा ठेवायचा? मावशी घरी येऊन चटईवर बसली आणि रिकाम्या आढ्याकडे बघत मला म्हणाली, "एपी, मी मरेन तेव्हा काय कापाल रे?" मामा, मी उठून बाहेर गेलो आणि तेव्हापासून फिरतोच आहे. फार वाईट वाटतं.

नियम मी त्याच रविवारी काढून टाकला होता. वेइक्कोने इतकी माफी मागितली की मलाच त्याचं सांत्वन करावं लागलं. त्याने उपायही सुचवला: सगळ्यांनी मिळून ठरवलं तर सगळा हिशेब आदल्या शनिवारपर्यंत मागे नेता येतो. पण सोमवारी पाळकांच्या मुलीचा वधूताबू दिला गेला होता. शनिवारपर्यंत मागे गेलो तर तिचं लग्न मोडतं, आणि वऱ्हाडाने डुक्कर तर खाल्लेलं आहे, ते कुठल्या प्रोग्रामने परत आणायचं? आपापला वाटा परत द्या म्हणावं, तर कापलेला ताबू परत करणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर फेकणं. तोकिनकिन तेवढा तयार होता, पण त्याच्याकडून घ्यायला मावशी तयार नाही. असो. एकंदरीत प्रोग्राम उत्तम चालतो, हेच यावरून सिद्ध होतं.

मामींना आणि मुलांना माझी आठवण सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
एपेलिस

ता. क. म्हाताऱ्यांनी मार्ग काढलाय. मावशी परत जिवंत व्हायची तर नवं चाक लागेल, ते आईकडच्या नात्यातल्या पुरुषाने द्यायचं, म्हणजे भाऊ या नात्याने तुम्हीच, आणि फोनमधलं चालणार नाही, शंखांचंच हवं. शंख तुमच्याच किनाऱ्यावर सापडतात. तेव्हा एक पोतं पाठवता का? उद्याच्या चलनावर काम करणाऱ्या माणसाने शंख मागावेत यात विसंगती आहे, हे मला दिसतंय. ओवायचं काम मी करीन. वेइक्कोसुद्धा म्हणतो की त्याला वेत पाठवा, तो तिकडे बसून ओवेल.

ता. क. दुसरा. तुमच्या वाट्याचा तुकडा केळीच्या पानात गुंडाळून आईच्या पेटीत ठेवलाय. पत्र मावशीकडे दिलंय, तीच बंदरावर नेऊन देणार आहे. ती वाचणार नाही, तिने तसा शब्द दिलाय.

ता. क. तिसरा. लेव्ही, मी रोडा. वाचलं. पोरगं घाबरट आहे, मुद्द्याचं लिहीत नाही. त्या रविवारी तुझ्याही फोनवर वाजलं असणार. ले शहरातून माणसं आली, मोर्सबीहून विमानाने आली, रडत आली आणि मला बघून चिडली. तू आला नाहीस. इतकी वर्षं मी म्हणायचे, कामं असतील, गुडघा असेल, मी मेल्यावर तरी येईल. शंखाचं पोतं बोटीवर टाकून मोकळा होऊ नकोस. स्वतः घेऊन ये. शंख मिळाले नाहीत तर हात हलवत ये. मी काही वाट बघत नाही, मेलेली माणसं वाट बघत नसतात. पण किंबेची बोट बुधवारी लागते आणि बुधवारी मी धक्क्यावर तारो विकायला बसते.