माशांच्या पोटातले मुंगळे

प्रिय,
(सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही.)

तू जाताना प्रयोगशाळेत सोडलेल्या माशांच्या बाटल्या मी काल उघडल्या. कपाट रिकामं करायचं होतं, एवढंच कारण. निदान मला तरी तसं वाटतं.

सहा वर्षं आपलं एकच भांडण चाललं. नदीतले मासे तू मोजायचास आणि किडे मी. किडे इतके थोडे आणि मासे असे गुबगुबीत, हे गणित जमेना. "तुझे मासे काय हवा खाऊन जगतात?" मी विचारायचे. "तुलाच किडे दिसत नाहीत," तू म्हणायचास. पुढे हे भांडण घरी जेवणाच्या टेबलावर आलं आणि एक दिवस तू बॅग भरलीस.

काल मी एकेका माशाचं पोट चिरलं. बशा धुणाऱ्या मावशी डोकावून म्हणाल्या, "बाई, हे पाण्यातले कुठले? हे तर झाडावरचे मुंगळे!"

खरंच की. सगळ्या पोटांत काठच्या झाडांवरून पडलेले मुंगळे आणि सुरवंट होते. तुझे मासे बरोबर होते आणि माझे किडेही. मान वर करून झाडांकडे बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग आपण भांडलो कशावरून? मला हसू येत होतं की रडू, तेही धड कळेना.

"साहेबांना फोन लावा की," मावशी म्हणाल्या.

"नंबर नाही माझ्याकडे."

नंबर मला तोंडपाठ आहे. मग मी खोटं का बोलले, ते तूच सांग.

तुझी
किडेवाली