गोलाईचा चौथा हिस्सा

रविवार, ७ फेब्रुवारी १९५४
लाकडाचा डेपो सुटला, सवय सुटली नाही. सकाळी आधी हजेरी. हिचा गुडघा? टोळीचं, मोहाच्या बियांचं, तेल चोळलं, पायरी उतरते पण कुरकुरते. गुडघाही आणि तीही. नात बेबीचा खोकला? उतारावर. मुलगा नारायण? एटापल्लीहून चिठ्ठी, ताप गेला, जंगलात ड्यूटी सुरू. गायीचा खूर? माशा बसत नाहीत आता. माझा चष्मा? एका काडीच्या जागी दोरा, बाकी ठीक.
सूनबाई? "बरी आहे, मामाजी." नाही बरी. सुशीला पहाटेपासून एकच पान उघडून बसली आहे.
मागल्या साली मॅट्रिकात बाकी सगळं निघालं, गणितात आडवी झाली. आता पेपर सगळे पुन्हा, भीती एकाचीच. ८ मार्च, चांदा. पहिलाच पेपर गणित. वडशाच्या मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईची जागा आहे, पण मॅट्रिक पास पाहिजे. हिनं तर जाहीर केलंय: "यंदा नाई त पुस्तकं माळ्यावर, अन् सून नवऱ्यापाशी."

मंगळ. ९
ओट्यावर बसून पाहिलं. सु. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचते, मान डोलावते, पान उलटते. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, हेच कर पाहू. पेन्सिल पहिल्या ओळीतच अडली.
"आत्ताच त येत होतं, मामाजी!"
येत नव्हतं. दिसत होतं.
डेपोत नवा मोजणीदार आला की मी त्याला फीत देत नसे. आधी लठ्ठा, म्हणजे ओंडका, डोळ्यानं सांग, मग फीत लाव. चुकला की ती चूक अंगी लागते, जन्मभर पुरते. तोच कायदा इथं. आधी पुस्तक मिटून, मग उघडून.

गुरु. ११
जुन्या वह्या कापून चिठ्ठ्या केल्या. एकेकीवर एकेक उदाहरण, उत्तर नाही. व्याज, समीकरण, त्रिकोण, ओंडके, सगळं भात मोजायच्या पायलीत घालून ढवळलं. हात घाल, येईल ते कर. जमलेली मडक्यात, चुकलेली परत पायलीत. मडक्यातल्याही रविवारी बाहेर, शिळ्या झाल्या का बघायला.
सु.: "एकेक धडा धरून केलं त बरं नाई का?"
"पेपर काय धड्याच्या नावानं हाका मारते?"
ही चुलीपाशी: "भाताची पायली हाय ते! लक्ष्मीच्या मापात भूमिती घातली या माणसानं."
मी चौथी शिकलेला. समीकरण मला येत नाही. म्हणून सु. मला शिकवते. मला समजलं तर तिला आलं असं धरायचं. आज मला समजलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

रवि. १४
झोकात दिवस! चिठ्ठी निघाली ओंडक्याची. गोलाई ४४ इंच, लांबी १२ फूट, घनफळ काढा. इथं मात्र मी पाटील. सु.नं बावीस सप्तमांश वगैरे करून पावणेतेराच्या वर घनफूट आणले. मी तोंडी: गोलाईचा चौथा हिस्सा अकरा, अकरा अकरे एकशे एकवीस, बारानं भागले, दहाच्या जरा वर. म्हटलं, चूक.
"पण पुस्तकात..."
"पुस्तकवाल्यानं लठ्ठा पाहिला असंल का? तीस वर्षं मी मोजले."
तिनं खोडलं. माझी रीत घेतली. दोन ओळींत उत्तर, हसली. कितीक दिवसांनी हसली.

सोम. २२
वडशाचे गुरुजी तिच्याकडून जुना पेपर लिहवून घेतात. आज तपासून मिळाला. किती आले? "बरे आहेत." कागद पदराखाली. ही तिची रीत नव्हे.
आठवडाभर मडकं भरतंय, पायली उतरतेय, मग बरे म्हणजे काय?

बुध. २४
चष्मा शोधताना पायलीखाली तो पेपर सापडला. वाचायला नको होता. वाचला.
ओंडक्याची दोन्ही उदाहरणं, लाल फुली. बाजूला गुरुजींचं अक्षर: "ही रीत कोणी शिकवली?" त्याखाली पेन्सिलीनं, सु.चं बारीक अक्षर: "माझीच चूक, गुरुजी."
जेवण गेलं नाही.

गुरु. २५
सकाळी चालत वडशाला. वाटेनं पळस फुलून पेटला आहे, आज मला त्याचं काही वाटलं नाही. गुरुजींना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं थोरपण.
"भाऊ, तुमची रीत खोटी नाही, बाजाराची आहे. साल गेली, वाकडेपणा गेला, करवतीचा भुसा गेला, मग हाती उरतं ते तुम्ही मोजता. पुस्तकातल्या ओंडक्याला साल नसते."
"मग फरक किती?"
"तुमचे अकरा तिथं चौदा."
पटेना. घरी येऊन ४४ इंच दोरी कापली. ओट्यावर चौकोन मांडला, बाजू अकरा, आत तांदळाचे दाणे पसरले, एकावर एक येऊ न देता. मग तीच दोरी गोल केली. दाणे पुरले नाहीत. चौफेर जागा उरली.
तीच दोरी! तीस वर्षं हातात होती. मला कोणी सांगितलं नाही हे खरं. मी विचारलं नाही हेही खरं.

शुक्र. २६
सु.ला समोर बसवलं. म्हटलं, मी चुकलो. तुझं बरोबर होतं, मी खोडायला लावलं. गुरुजीपाशी माझं नाव काऊन नाई घेतलं?
"घरचं माणूस चुकलं म्हणून गावात दवंडी द्याची का, मामाजी?"
चुलीपाशून ही: "तीस वर्षं मी सांगून राह्यले का हा माणूस चुकते. कोणी मनावरच घेतलं नाई!"
मग तिघंही हसलो. पण आत काही हललं ते जागेवर बसलं नाही.

सोम. १ मार्च
यालाच भ्यालो होतो. समीकरणं आता जमतात, मलाही शिकवून झाली. पण ओंडक्याच्या सहा चिठ्ठ्यांत दोनदा तिचा हात आपसूक चौथ्या हिश्शाकडे गेला. घाई केली की जातो. सोपी वाट पायाला लवकर सापडते, आणि ती वाट मीच पाडून दिलेली.
खूण ठरवली. ओंडका दिसला की आधी अंगठा आणि बोट जोडून गोल करायचा, दोरीसारखा. मग लिहायचं.

शुक्र. ५
मी म्हटलं, आणखी वीस चिठ्ठ्या. सु.नं पायली उचलून आत नेली. "आता नाई, मामाजी. तुमीही जरा निजा." कोणाची परीक्षा आहे कळेनासं झालंय.

शनि. ६
वडशाहून गाडीनं चांद्याला गेली. तिथं तिच्या मावशीकडे उतरायचं. बेबी रडली, ही रडली नाही; दहीभाताचा डबा मात्र दोनदा बांधला, दोनदा सोडला. गाडी हलली. खिडकीतून सु.नं हात काढला, अंगठा आणि बोट, गोल.

सोम. ८
आज गणित. फीत घेऊन अंगणातला कडुनिंब मोजला. पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "सकाळपासून काई वाढला नाई तो." माझा हात धरून घरात नेलं. बऱ्याच वर्षांनी.

बुध. १०
चांद्याहून आलेल्या एकानं गुरुजींना गणिताचा पेपर दाखवला. पाचवा प्रश्न ओंडका. गोलाई दिली आहे, लांबी दिली आहे. "सोपा आहे, भाऊ," गुरुजी म्हणाले.
सोपा! दोन ओळींत सुटतो असा सोपा की...

गुरु. ११
पोस्टकार्ड लिहिलं. नक्कल इथं ठेवतो.
"चि. सौ. सुशीलाबाईस अनेक आशीर्वाद. बेबी डाळभात खाते, रात्री तुझ्या पातळाशिवाय झोपत नाही. तुझ्या सासूबाईंनी पायली धुऊन पुन्हा भाताला घेतली. मडक्याला हात लावला नाही, वर झाकण ठेवलं. का ते विचारलं, तर म्हणतात, 'असू द्या.' बाकी पेपर चालू आहेत, तेव्हा झाल्या पेपराचं विचारू नये, हे मला कळते. तरी विचारतो. उदाहरण लिहू नको. नुसतं चौदा किंवा अकरा, एवढंच लिही, मी समजेन. अकरा असलं तरी लिही. ती चूक माझी, तुझी नाही, आणि हे मी गुरुजींना सांगून ठेवलं आहे, तुझ्या सासूलाही. पण लवकर लिही, बाई. कडुनिंबाची साल घासून निघाली."